मंदाकिनीबाईंचा होकार

ठाण्यात घरोघरी फोन नव्हते त्या काळात मंदाकिनी टिपणीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कोणाचा मुलगा मस्कतला, कोणाची बहीण इंदूरला. ट्रंक कॉल लागला की मधे यांचा आवाज. बारशाच्या बातम्या त्यांच्या कानावरून गेल्या, मयताच्याही गेल्या. पलीकडचं माणूस रडायला लागलं तर वेळ संपली तरी त्या लाइन तोडत नसत, मग सुपरवायझरची बोलणी खात. नुसता आवाज ऐकणाऱ्यांना वाटायचं, बाई चांगल्या उंच आणि ठसठशीत असणार. प्रत्यक्षात त्या बुटक्या, किरकोळ होत्या, आणि घरात त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकलेलाच नव्हता.

घरात बोलायचे ते त्र्यंबकराव. ते सेशन कोर्टात शिरस्तेदार होते. दिवसभर साहेबांपुढे मान खाली घालायची आणि संध्याकाळी घरी येऊन ती ताठ करायची, असं आयुष्य काढलेला माणूस. पण माणूस वाईट नव्हता. बाईंची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला आपल्या घरी आणून ठेवली ती त्यांनीच. सकाळचा पहिला चहाही जन्मभर तेच करत. फक्त निर्णय म्हटला की तो त्यांचा. खारकर आळीतली जागा सोडून माजिवड्याच्या टॉवरमध्ये जायचं त्यांनी ठरवलं, बाईंनी नोकरी लवकर सोडायची त्यांनी ठरवलं, मुलीसाठी, मैथिलीसाठी डोंबिवलीचं स्थळही त्यांनीच ठरवलं. बाईंना कोणी काही विचारलं की उत्तर एकच, "ह्यांना विचारून सांगते." भाजीवाल्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

एकदा गणपतीत सोसायटीच्या मांडवात नेत्रदानाची माणसं आली होती. बाईंनी कागद हातात घेऊन चष्मा लावला, तेवढ्यात त्र्यंबकरावांनी कागद त्यांच्या हातातून काढून परत दिला.

"जसं पाठवलंय तसं परत जायचं, मंदा. देवाच्या वस्तूत काटछाट करायची नाही."

विषय तिथेच मिटला.

तुर्कस्तानला जायचंही त्यांनीच ठरवलं. इतिहासाचं वेड होतं त्यांना. इझमीर हे केवढं जुनं बंदर, तिथून जवळच एफेससचे अवशेष, हे ते शेजाऱ्यांना लिफ्टमध्ये गाठून सांगत. टूर स्वस्तातली होती, म्हणजे बसचे प्रवास लांब लांब. निघायच्या आधी बॅगेत औषधं भरताना बाईंच्या लक्षात आलं, की रक्तदाबाच्या गोळ्यांची एक पट्टी ह्यांनी बाहेरच ठेवलीय.

"ही राहिली," त्या म्हणाल्या.

"राहिली नाही, ठेवलीय. ती घेतली की सारखं बाथरूमला जावं लागतं. बसमध्ये काय करू? लोकांसमोर दर वेळी गाडी थांबवायला सांगू?"

"अहो, पण डॉक्टरांनी…"

"तू गप्प बस. चार दिवस नाही घेतली तर मरत नाही मी."

बाई गप्प बसल्या. पट्टी मात्र त्यांनी गुपचूप आपल्या पर्समध्ये टाकली. तिथे गेल्यावर दोनदा पुढेही केली. दुसऱ्या वेळी त्र्यंबकराव इतके खेकसले, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

एफेसस मात्र त्यांनी डोळे भरून पाहिलं. उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, खांबाखांबापाशी थांबत. गाइडला दोन चुका दाखवल्या. त्या दिवसासारखं मोकळं हसताना बाईंनी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इझमीरच्या हॉटेलाबाहेर बॅगा बसमध्ये चढत होत्या. त्र्यंबकराव ड्रायव्हरला "ती निळी खाली ठेवू नको" असं मराठीतच सांगत होते. सांगता सांगता जीभ अडखळली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं, आणि बसच्या चाकाशी खाली बसले ते आडवेच झाले.

हॉस्पिटलात कळलं, मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय. त्यांना अतिदक्षता विभागात नेऊन श्वासाचं मशीन लावलं. टूरच्या माणसाने आपल्यापरीने धावपळ केली, पण बाकीची माणसं बसमध्ये ताटकळत होती. संध्याकाळी तो हात जोडून उभा राहिला. "काकू, ग्रुप थांबवता येणार नाही. तुमची राहायची सोय करून जातो." ग्रुपमधल्या बायकांनी आपापल्या पिशव्यांतलं भडंग, खाकरे, सुका खाऊ त्यांच्या हातात कोंबला. एकीने मिठी मारली. मग बस गेली.

त्यांची सोय झाली ती बास्माने नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका स्वस्त हॉटेलात. रेल्वे स्टेशनच्या पाठीमागे उतरत जाणारी गल्ली, दोन्ही बाजूंना टेकू दिल्यासारखी उभी असलेली जुनी घरं, आणि त्यांतल्याच एका तीन मजली घरावर हॉटेलची पाटी. लिफ्ट नव्हती. खोलीत एक पलंग, भिंतीला स्क्रूने ठोकलेला टीव्ही, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत. बाथरूमचं दार नीट लागत नव्हतं. बॅगा दोघांच्या होत्या. त्र्यंबकरावांची बॅग बाईंनी भिंतीशी उभी करून ठेवली आणि तिच्यावर टॉवेल टाकला, सारखी दिसू नये म्हणून.

खालच्या मजल्यावर परमुलखातून पळून आलेली कुटुंबं राहत होती. समुद्रापलीकडे जायची वाट बघत. पुरुष दिवसभर दारातल्या बाकावर फोन चार्ज करत बसत, बायका जिन्यात पोरांचे कपडे वाळत घालत. कोणी कोणाला काही विचारत नसे. या घरात मुक्काम करायला म्हणून कोणी आलेलंच नाही, हे बाईंना पहिल्याच दिवशी कळलं. सगळेच अडकलेले होते.

हॉटेल चालवायची नेरमीन नावाची एक जाड, सतत खोकणारी बाई. तिला इंग्रजी येत नव्हतं, बाईंना तुर्की. बोललेल्याचं भाषांतर फोनवर दिसतं, ते दोघी एकमेकींपुढे धरत. पहिल्या सकाळी तळघरात नाश्त्याला बोलावलं तेव्हा टेबलावर काकडी, टोमॅटो, ऑलिव्ह, खारट चीज आणि उकडलेलं अंडं होतं. बाईंच्या घशाखाली काही उतरेना. नेरमीनने बारीक कमरेच्या ग्लासात कोरा चहा ओतून पुढे सरकवला आणि म्हणाली, "सबर. सबर." हे मात्र फोनशिवाय समजलं. सबूर. बाईंनी मान हलवली आणि अचानक त्यांना हुंदका फुटला. कालपर्यंत समोर ग्रुपमधली मराठी माणसं होती, त्यांच्यापुढे त्या रडल्या नव्हत्या.

मैथिली येऊ शकत नव्हती. तिच्या पासपोर्टची मुदत संपलेली होती. नवा निघून व्हिसा मिळेपर्यंत बराच काळ जाणार होता. दिवसातून कितीतरी वेळा ती डोंबिवलीहून फोन करायची.

"आई, डॉक्टर काय म्हणाले?"

"तेच. बघू म्हणतात."

"तू नीट विचार ना गं! बाबा असते तर डॉक्टरला धारेवर धरलं असतं."

"हो," बाई म्हणायच्या.

भेटायला दुपारी थोडा वेळ आत सोडत. हिरवा गाऊन घालून त्या पलंगाशी उभ्या राहत. त्र्यंबकरावांची दाढी वाढली होती, हात सुजले होते. छाती मात्र अगदी बिनचूक खालीवर होत होती. एवढ्या शिस्तीत श्वास घेताना बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. झोपेत ते घोरायचे, दचकायचे, कोर्टातल्यासारखे पुकारे करायचे. काय बोलायचं हे न कळून त्या सांगत, मैथिलीचा फोन आला होता, आज हवा गरम आहे. एकदा पर्समध्ये रुमाल शोधताना ती गोळ्यांची पट्टी हाताला लागली, आणि त्या तिथून उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन बसल्या.

उरलेला वेळ हॉटेलच्या खोलीत जाई. कधी त्या उतरून समुद्रापर्यंत चालत जात. धक्क्यावर माणसं गळ टाकून बसलेली, पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटी लागत आणि सुटत. हे असते तर हे बंदर कोणी बांधलं, कोणी जाळलं, सगळं सांगत बसले असते, असं त्यांना वाटे. मग हेही वाटे की कोणी काही सांगत नाहीये, तर समुद्र नुसता बघता येतोय. हा विचार आला की त्या घाईने परत फिरत.

मग एका दुपारी त्यांना भेटीला आत सोडलं नाही. एका लहान खोलीत बसवलं. तिथे त्यांचे नेहमीचे डॉक्टर होते आणि एक तरुण डॉक्टरीण होती, जिला त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. इंग्रजी चांगलं होतं तिचं. ती सावकाश बोलली, मधे मधे थांबून. तुमच्या नवऱ्याचा मेंदू मरण पावला आहे. सगळ्या तपासण्या पुन्हा पुन्हा केल्या. हृदय चालू आहे ते औषधांवर आणि मशीनवर. उद्या मशीन काढावं लागेल.

बाईंनी विचारलं, "म्हणजे ते गेले?"

"हो. गेले."

एक्स्चेंजमध्ये असताना हे वाक्य त्यांनी किती जणांना पोचवलं असेल. आता ते त्यांच्यापाशी येऊन थांबलं, पुढे लाइन नव्हती. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच परत ठेवला.

डॉक्टरीण जराशाने म्हणाली, "एक विचारायचं माझं काम आहे. नाही म्हणालात तरी चालेल, कोणी तुम्हाला दोष देणार नाही. त्यांचं यकृत आणि मूत्रपिंडं चांगली आहेत. इथे माणसं वाट बघत आहेत. तुम्हाला काय वाटतं?"

"माझी मुलगी…"

"मुलीशी जरूर बोला. पण तुम्ही पत्नी आहात. मी तुम्हाला विचारतेय. तुम्हाला काय वाटतं?"

बाईंच्या तोंडाशी जन्मभराचं उत्तर आलं आणि अर्ध्यावर अडकलं. विचारायचं कोणाला?

"उद्या सकाळी सांगते," त्या म्हणाल्या.

"सकाळपर्यंत थांबू," डॉक्टरीण म्हणाली. "फक्त, हृदय किती साथ देईल हे आमच्या हातात नाही."

हॉटेलवर येऊन त्यांनी मैथिलीला फोन लावला. बाबा गेले हे ऐकून ती आधी नुसती रडत राहिली. नंतर बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली तेव्हा तिचा आवाजच पालटला.

"काय? बाबांना तिकडे कापायला द्यायचं? परक्या मुलखात? आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मी काही ठरवलं नाहीये. विचारलं त्यांनी."

"मग नाही म्हणून सांगायचं ना तिथल्या तिथे! बाबांचं काय मत होतं, माहीत नाही का तुला? गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी होते तिथे."

"माहितीये."

"मग? ते जिवंत असताना एकदा तरी त्यांच्या शब्दाबाहेर गेलीस? आता बोलू शकत नाहीत म्हणून…" मैथिलीने वाक्य पुरं केलं नाही. पुढे म्हणाली, "मला माझे बाबा आहेत तसे हवेत. अख्खे. बस."

फोन ठेवून बाई तळघरात गेल्या. नेरमीन कांदे चिरत होती. बाईंनी फोनमध्ये सांगितलं, नवरा गेला, त्याचे अवयव मागताहेत. नेरमीनने वाचलं, सुरी खाली ठेवली, हात पुसले. मग तिने आपल्या फोनवर लिहून दाखवलं. माझा भाऊ मासेमारीला गेला, तो समुद्राने परत दिलाच नाही. हो म्हण किंवा नाही म्हण, असं काहीच तिने लिहिलं नाही. मसुरीचं सूप वाढलं आणि बाई ते संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

त्या रात्री बाईंनी काय विचार केला, हे त्यांनी पुढेही कोणाला धड सांगितलं नाही. कोणीतरी अनोळखी माणूस असंच कुठेतरी पडून वाट बघतंय, हे खरं होतंच. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होती, की या वेळी 'तू गप्प बस' म्हणायला कोणी नाही. त्या विचाराची त्यांना स्वतःलाच भीती वाटली. आपण देणार आहोत की उट्टं काढणार आहोत? जो माणूस आजारी सासूचं उशी-पांघरूण करायचा, त्याच्यावर? पहाटेची बांग झाली तेव्हा त्यांना फक्त एवढं समजलं होतं की आपल्याला 'हो' म्हणायचंय. कशासाठी, ते नंतर बघू. त्यांनी अंघोळ केली, धुतलेली साडी नेसली आणि नेरमीनने बोलावलेल्या टॅक्सीतून गेल्या.

डॉक्टरीण अतिदक्षता विभागाच्या दाराशीच उभी होती. तिचा चेहरा पाहून बाईंनी विचारलंच नाही.

"थोड्या वेळापूर्वी हृदय थांबलं," ती म्हणाली. "आम्ही खूप प्रयत्न केले. तुम्हाला फोन करणारच होते."

"मी हो म्हणायला आले होते," बाई म्हणाल्या.

डॉक्टरिणीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"काल म्हणाले असते तर?"

"तसा विचार करू नका."

"काल म्हणाले असते तर उपयोग झाला असता ना?"

ती खोटं बोलली नाही. "झाला असता," ती हळूच म्हणाली. "आता फक्त डोळे घेता येतील. तेही तुमची इच्छा असली तर."

बाईंनी सही केली. मग त्या आत गेल्या. मशीन बंद होतं आणि खोलीत एवढी शांतता होती, की त्यांना बाहेरच्या झाडावरचे पक्षी ऐकू आले. त्यांनी त्र्यंबकरावांच्या कपाळावरून हात फिरवला. "अहो, मी विचारलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या.

पार्थिव भारतात न्यायची सोय होईपर्यंत त्या त्याच हॉटेलात राहिल्या. निघायच्या दिवशी नेरमीनने त्यांच्या दोन्ही बॅगा स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत ओढत आणल्या. बाकावरचे पुरुष उठून उभे राहिले, एकाने छातीवर हात ठेवला. त्यांतल्या एकाचंही नाव बाईंना माहीत नव्हतं.

जवाहरबागेतल्या स्मशानात शवपेटी उघडली तेव्हा मैथिली पुढे झाली आणि बाबांच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली. चेहऱ्यात काही फरक दिसत नव्हता. पण मी सही केली, डोळेही दिले, असं बाईंनी तिला फोनवर खरं सांगून टाकलं होतं, आणि पुढचं ऐकायच्या आत तिने फोन ठेवला होता. लपवायचं त्यांच्या मनात आलं होतं, जमलं नाही. मैथिलीने आईकडे न बघता फुलं वाहिली. दिवसकार्य संपेपर्यंत ती कामापुरतं बोलली. नंतर तेवढंही नाही. नातेवाइकांत कुजबुज झाली. एक जाऊबाई भेटायला येऊन म्हणाल्या, "मंदाकिनी, पुढच्या जन्मी आंधळा आला तर गं तो?" बाईंनी त्यांना चहा दिला आणि कप विसळायला आत निघून गेल्या.

सोसायटीतले दोघेतिघे मात्र कौतुक करायला आले. केवढं मोठं काम केलंत, म्हणाले. मंडळात सत्कार करू म्हणाले. बाईंनी नको म्हणून सांगितलं. त्यांना कौतुक टोमण्यांपेक्षा जास्त बोचत होतं. एक यकृत, दोन मूत्रपिंडं. कोणीतरी त्या सकाळी फोनची वाट बघत असेल. एक बाई आपल्यासारखीच बाकावर बसलेली असेल. ती आता कुठे असेल, तिचं माणूस आहे की नाही, हे त्यांना कळणार नव्हतं. आणि हे ज्याच्यापाशी बोलावं असं माणूस घरात उरलं नव्हतं. सकाळी त्या स्वतःच चहा करत. पाणी दोन कपांचं ठेवलं जाई, मग अर्धं ओतून देत.

वर्षश्राद्धाला मैथिली आली. एकटीच आली. आल्या आल्या कंबर खोचून स्वयंपाकाला लागली. वालाचं बिरडं तिनेच केलं, बाबांना आवडायचं म्हणून. गुरुजी गेले, पानं उठली. मग दोघी ओट्याशी मागचं आवरत असताना मैथिलीने पाठमोरीच विचारलं,

"तिथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर तू लगेच हो म्हणालीस?"

"नाही. सकाळपर्यंत वेळ मागितला."

"मग?"

"तेवढ्यात हृदय थांबलं. बाकीचं काही घेता आलं नाही. डोळेच फक्त."

मैथिलीचे हात थांबले. वर्षभर तिने हे विचारलंच नव्हतं. आईने सगळंच देऊन टाकलं असं तिने धरलं होतं. तिने दीर्घ श्वास सोडला. तिचे खांदे सैल पडलेले बाईंना मागूनही दिसले.

"बरं झालं," मैथिली म्हणाली. आणि वळून, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, तिने आईच्या दंडावर हात ठेवला. "मला वाटायचं, बाबांचं आत काहीच ठेवलं नाही त्यांनी. बरं झालं, आई."

बाईंच्या तोंडाशी आलं होतं, अगं, बरं नाही झालं. उशीर झाला माझ्याकडून. पण तो हात दंडावर होता, गरम, ओलसर, वालाचा वास येणारा. तो काढून घेतला गेला असता तर ते त्यांना सोसलं नसतं.

"हो," त्या म्हणाल्या. "थोडं बिरडं डब्यात भरून देते, पोरांना ने."